उतर बे

रिकाम्या काट्यावर साठ किलो भरत असतील, तर ते वजन कुणाचं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय?

चिखलीहून खामगावला जाताना उंद्रीच्या पुढे रस्त्यालगत एक धर्मकाटा आहे. मालासकट ट्रक-ट्रॅक्टर तोलायचा, जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी काटा. शेजारच्या खोलीत सुदामकाका बसतात. समोर कॉम्प्युटर, कोपऱ्यात मालकाच्या सगळ्या काट्यांची वजनं साठवणारा सर्व्हर. रोज दिवस कलला, की काट्यावर चिटपाखरू नसताना पडद्यावर आकडा उमटायचा: साठ. काका मान वर न करता खिडकीतून म्हणायचे, "उतर बे, गाडी येऊन राह्यली." मग बटण दाबून काटा शून्यावर आणायचे. आणि गाडी खरंच यायची.

काकांना तोलायचं वेड आहे. त्यांनी शेळ्या तोलल्या आहेत, घोड्यासकट नवरदेव तोलला आहे. कुणी वजनावरून वाद घातला, की एकच उत्तर: "काट्याले इचार, मले नको." मी अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेलो तेव्हा तोही त्यांनी काट्यावर ठेवायला लावला.

"तुह्या क्रांतीचं वजन शून्य भरलं बे."

"काका, दहा किलोच्या खालचं तुमच्या काट्याला दिसत नाही."

"मंग वाढव ना."

भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटत मी मोठा झालो. त्यामुळे साठाचं कारण मी शोधून काढलंच. उन्हानं तापलेलं लोखंड संध्याकाळी निवतं, तशी काट्याची नोंद सरकते. काटा आणि सर्व्हर यांच्यात दुभाष्याचं काम करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुना होता. ती सरकलेली नोंद तो वजन म्हणूनच सांगायचा. मी हे काकांना समजावलं. त्यांनी चहा फुंकत ऐकून घेतलं.

"बराबर हाय. पण साठच काऊन?"



साठ किलो भरायचा तो किसन. शेजारच्या गोदामातला हमाल. शेवटचं पोतं उतरवलं, की तो रोज काट्यावर उभा राहून ओरडायचा, "मी किती?" काका सांगायचे, "साठ. उतर बे." गोदामात पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून किसन गेला, आणि त्यानंतरच रिकाम्या काट्यावर साठ उमटू लागले. ठेकेदारानं हात वर केले, म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे. जन्मभर दुसऱ्यांचं ओझं वाहिलेल्या माणसाची या रस्त्यावर दखल घेत होता तो एक बिघडलेला काटा. हे लिहिताना मला आजही संताप येतो.

यंदा सर्व्हरची सिस्टीम नवी करायला अकोल्याहून एक इंजिनीअर आला. काकांनी त्याला दोनदा चहा पाजला, लाइट जाईल म्हणून भीती घातली, शेवटी दारातच खुर्ची टाकून बसले.

इंजिनीअर म्हणाला, "काका, चांगलं आहे हो. नवा ड्रायव्हर सुधारलेला आहे. जुना उरलंसुरलं वजन तसंच धरून ठेवायचा. हा पुसून टाकतो."

"पुसते म्हंजे कुठं टाकते?"

"कुठंच नाही. पुसतो."

काका उठले आणि त्यांनी खुर्ची बाजूला घेतली. काटा खरा असलाच पाहिजे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पटतं.

त्या संध्याकाळी मी तिथेच थांबलो. ऊन उतरलं. लोखंड निवताना कुणी पाय ठेवल्यासारखं एकदा कडकन वाजलं. आम्ही दोघांनी पडद्याकडे पाहिलं. शून्य. साठ पाहून मी कधी घाबरलो नव्हतो. त्या शून्यानं माझ्या अंगावर काटा आला.

सवयीनं काका खिडकीशी वाकले.  मग अगदी हळू, आत कुणी झोपलं असावं तसे म्हणाले, "चढ ना बे."

रस्त्यावर गाडी नव्हती. मी बाहेर गेलो आणि काट्याच्या मधोमध उभा राहिलो. पायाखालचं लोखंड एका जागी अजून ऊबदार होतं. खिडकीत काकांचा चेहरा पडद्याच्या उजेडात निळा दिसत होता. पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "पन्नास. जेवत जाय. उतर बे."

तुम्ही चिखली-खामगाव रस्त्यानं कधी गेलात आणि दिवस कललेला असला, तर या काट्यापाशी गाडी कडेला लावा. रिकाम्या काट्यावर जाऊन उभे राहा आणि मोठ्यानं विचारा, "मी किती?" आतून "उतर बे" ऐकू येईपर्यंत उतरू नका.