कासमभाईंचे नापास पक्षी

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे, की आमचे शेजारी कासमभाई या मंगळवारी मस्कत कायमचे सोडून रत्नागिरीकडे आपल्या गावी निघाले आहेत. त्यांनी मला दिलेला त्रास ते येथे आहेत तोवरच कागदावर उतरवावा; मागाहून मन मऊ पडते आणि हात आखडतो.

कासमभाई पक्ष्यांना नापास करतात.

मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. पुष्कळ मुलांना नापास केले, पण गरुडाला नापास करण्याची माझी छाती झाली नसती. कासमभाईंची होते. सव्वीस वर्षे ते येथे गाड्यांच्या सुट्या भागांचे गोदाम सांभाळतात आणि दर शुक्रवारी दुर्बीण घेऊन निघतात. मी मस्कतच्या अल् घुब्रा भागात माझ्या मुलाकडे राहावयास आल्यापासून माझेही शुक्रवार त्यांनी ताब्यात घेतले.

"गुरुजी, यल्ला, निघा."

"कासमभाई, माझी संध्या व्हायची आहे."

"तिथं करा. पाणी भरपूर आहे."

ते पाणी म्हणजे शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी होते. दूरदूरचे पक्षी याच तळ्यावर उतरतात, असे कळले. तेव्हापासून मी घरून तांब्या भरून नेतो.

एकदा तेथे एका परदेशी गृहस्थांनी आपल्या कॅमेऱ्यात टिपलेला दुर्मीळ गरुड मोठ्या आनंदाने आम्हांस दाखविला. कासमभाईंनी नीट पाहिले आणि मान हलविली. "नापास." रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा उतरला. "नापास. खलास." मग झुडपातल्या एका साध्या बुलबुलाकडे हे गृहस्थ पाव तास टक लावून बसले. कावळा पास, साळुंकी पास, चिमणी पास.

त्यांच्या घरात उष्ण कटिबंधातील पक्ष्यांची जाडजूड सचित्र पुस्तके, पार छतापर्यंत. दर आठवड्यास एक माझ्या हाती देत आणि पुढच्या शुक्रवारी वाटेत माझी परीक्षा घेत. प्रत्येक सुंदर पोपटाशेजारी पेन्सिलीने लिहिलेले असे : नापास.

"अहो, पण कशात नापास?" मी एकदा वैतागून विचारले.

"हजेरीत," एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या पास यादीत एकच जागा रिकामी होती : खंड्या. निळ्या पाठीचा, तांबड्या चोचीचा. कोकणात तो तारेवर बसला, तर कोणी मान वर करून पाहत नाही. ओमानात मात्र क्वचितच भरकटत येतो. जाण्यापूर्वी तो येथे एकदा दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

काल शेवटचा शुक्रवार. तळ्याकाठी मी जपास बसलो. कासमभाई कुठल्याशा बेटावरच्या खंड्याचे लांबलचक वर्णन पुस्तकातून मला वाचून दाखवू लागले. जपात मी बोलत नाही, हे ठाऊक असूनही. मी डोळे उघडले, आणि त्यांच्या पाठीमागे, दहा पावलांवर, कठड्यावर तो बसला होता.

पन्नास वर्षांत जपातले मौन मी मोडलेले नव्हते. मी हुंकार दिला. बोट दाखविले. भुवया उंचावल्या.

"तांब्या हवा?" म्हणत कासमभाई मोठ्या तत्परतेने उठले.

मी मौन मोडून म्हणालो, "खंड्या." तोवर कठडा रिकामा होता.

ते त्या कठड्याकडे पाहत राहिले. "छाती पांढरी होती?"

"होती. लिहा वहीत. मी साक्षी आहे." स्वतःवरचा एवढा संताप मला पूर्वी कधी आला नव्हता.

"तुमची हजेरी कशी चालेल, गुरुजी?" असे म्हणून त्यांनी वही माझ्यापुढे धरली. प्रत्येक पानावर दोन रकाने होते. एकावर 'मी, इथं', दुसऱ्यावर 'रशिदा, अंगणात'. जो पक्षी दोघांनी आपापल्या ठिकाणी पाहिला, तोच पास. सव्वीस वर्षांत पक्षी एकोणीस. वर्षातून एक महिना घरी, आणि बाकीचे अकरा महिने या वहीत. खंड्यासमोर त्यांच्या पत्नी रशिदाबाईंचा रकाना पहिल्याच वर्षी भरलेला होता.

त्यांनी घरी फोन लावला. समोरचे बोलणे मलाही ऐकू येत होते.

"आज पण नाय दिसला," ते म्हणाले. "गुरुजींना दिसला."

"अवो, मग ऱ्हाऊ दे ना. हितं रोज सकाळी विहिरीवर बसतोय मेला. मंगळवारी येताय ना?"

"इन्शाल्ला."

"मग बुधवारी चहा घेऊन बसू दोघं. तोवर मी त्याला उडू नाय देत."

कासमभाईंनी वही मिटली. तो रकाना त्यांनी रिकामाच ठेवला. परतताना माझी परीक्षा घेतली नाही; मलाच चुकल्याचुकल्यासारखे वाटले.

वाचकहो, श्रीगजानन आपल्या घरास सुखरूप ठेवो, आणि आपल्या माणसांना एकच पक्षी एकाच अंगणातून पाहावयास मिळो.