पाण्यावर ओरडलो, त्याचा रिपोर्ट

रविवारी दुपारी झोपायचं सोडून मी बायकोशेजारी माहितीपट बघायला बसलो, तिथंच चुकलं. बावीस वर्षं मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. (बाटल्यांवर नंबर घालतो. पण नातेवाईक मला शास्त्रज्ञ समजतात आणि मी आजवर कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही.)

या माहितीपटावर बरीच बोंबाबोंब झाली होती, म्हणून तर सगळे तो बघत होते. पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ अगदी शांतपणे सांगत होता की पाण्याला ऐकू येतं. प्रेमानं बोललं तर ते आपोआप शुद्ध होतं, रागावलं तर नासतं. मी मोठ्यानं हसलो. बायको हसली नाही. ती उठली आणि तिनं सरळ स्वयंपाकघरातलं फिल्टरचं मशीन बंद केलं.

मी हादरलोच. पोटाच्या दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या सासूबाई आमच्याकडेच होत्या. पुन्हा खराब पाणी पोटात गेलं तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आईला आजपासून नळाचंच पाणी. मी बोलीन त्याच्याशी."

"अगं, आईंच्या जिवाशी खेळ आहे हा."

"मग खोटं ठरवून दाखवा. शास्त्रज्ञ ना तुम्ही?"

झालं. निकाल लागेपर्यंत मशीन चालू ठेवायचं, एवढं मी कसंबसं पदरात पाडून घेतलं. प्रयोगशाळेतल्या दोन निर्जंतुक बाटल्यांत उकळून गार केलेलं पाणी भरलं. बायकोनं आपल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, वर 'तू गुणाचं आहेस' अशी चिठ्ठी चिकटवली आणि लांबूनच चार गोड शब्द बोलली. रागवायचं खातं माझ्याकडे. नंतर 'पाण्याला नीट ऐकूच आलं नाही' अशी पळवाट नको, म्हणून मी झाकण काढलं आणि अगदी बाटलीच्या तोंडाशी तोंड नेलं. पण पाण्याचा काही केल्या राग येईना. शेवटी आमच्या साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि बावीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

तीन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी रिपोर्ट हातात ठेवला. बायकोची बाटली स्वच्छ. माझ्या बाटलीत जंतूंची नुसती जत्रा. मी बाटल्यांवरचे नंबर पुन्हा तपासले.

"मॅडम, पाण्याला खरंच ऐकू येतं की काय हो?"

"ते मला माहीत नाही. पण हे जंतू माणसाच्या तोंडातले आहेत. बाटलीत थुंकलं कोण?"

घरी रिपोर्ट वाचून बायको मशीनचा प्लग काढायला निघाली. आता एक तर माझी अब्रू वाचणार होती, नाही तर सासूबाई. (मी क्षणभर विचार केला, हे कबूल करतो.) मग सांगून टाकलं, की बोलताना माझी थुंकी उडते आणि तीच बाटलीत गेली.

बायकोनं प्लगवरचा हात काढला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सासूबाईंनी हळूच विचारलं, "जावईबापू, मी आजारी पडले त्याआधी पंधरा दिवस जेवायला तुमच्यासमोरच बसत होते ना?"

मशीन चालू आहे. माझं ताट आता बाल्कनीत वाढतात.