फुटपाथवरचा बिडाचा हायड्रंट

"बघतोच माझा हायड्रंट कोण नेतो ते!" असं गावभर सांगत वेंडेल स्ट्रूप सकाळपासून धुमसत होता.

वेंडेल म्हणजे ओहायोतल्या हार्पर्स बेंड गावच्या संग्रहालयाचा रखवालदार, मार्गदर्शक आणि झाडूवाला, सगळं एकटाच. आणि हायड्रंट म्हणजे आग लागली की बंबवाले ज्याला पाइप जोडतात, तो रस्त्याकडेचा बुटका नळ. वेंडेलचा हायड्रंट बिडाचा, त्याच्या आजोबांनी गावच्याच भट्टीत ओतलेला. भट्टी गेली, आजोबा गेले, हा तेवढा उरला. आणि आता राजधानीचं मोठं संग्रहालय म्हणत होतं, "तुमच्याकडे त्याला कोणी बघतही नाही, आम्हाला द्या." विश्वस्तांनी लगेच माना डोलावल्या! नंदीबैल मेले!

"बघत नाहीत काय! आणतोच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर!" वेंडेलने तो ढकलगाडीवरून बाहेर काढला आणि फुटपाथच्या कडेला उभा केला. हायड्रंट न्यायला येणाऱ्या मोठ्या संग्रहालयाच्या ॲबर्नॅथीबाई गावकऱ्यांची झुंबड बघून हात हलवत परत जातील, असा बेत. झुंबड कुठली! एका बाईने सामानाची पिशवी त्याच्यावर टेकवून दम खाल्ला आणि ती चालू लागली. वेंडेलचं डोकंच फिरलं. पाटी लावल्याशिवाय या ठोंब्यांना कळायचं नाही, म्हणून तो रंग शोधायला आत गेला.

तेवढ्यात ॲबर्नॅथीबाई आल्या. नेमकी हायड्रंटला खेटून गाडी लावली आणि आत येऊन वेंडेलशी भांडायला लागल्या. भांडण असं रंगलं, की दोघं बाहेर येईपर्यंत गाडी गायब!

"माझी गाडी!"

"उचलून नेली," पोलीस डार्लीन म्हणाली. "हायड्रंटला खेटून गाडी? बंदी असते तिथे! शेंबडं पोरही लावत नाही!"

"अगं बये, तो खोटा आहे!" वेंडेल ओरडला. "म्हणजे खरा आहे, पण माझा आहे! खाली पाण्याचा थेंब नाही!"

"रस्त्याकडेला उभा आहे ना? मग झालं तर!"

"डार्लीन, शाळेच्या सहलीत तू याच्यावरच चढून बसली होतीस! मी कान धरून उतरवलं तुला!"

डार्लीन लाल झाली. आठवलं होतं तिला, चांगलंच. पण गेल्याच आठवड्यात तिने चुकून पाद्रीबाबांची गाडी उचलली होती. पुन्हा चूक कबूल केली तर साहेब फाडून खाणार.

"हायड्रंट आहे," ती दात आवळून म्हणाली.

"मग तोच घेऊन जाते मी!" ॲबर्नॅथीबाई किंचाळल्या.

"हात तर लावून बघा! रस्त्यावरचा हायड्रंट काढणं गुन्हा आहे. गाडीमागोमाग तुम्हालाही नेईन!"

वेंडेलला तिला मिठीच मारावीशी वाटली. "ऐकलंत ना? गुन्हा!" बाई पाय आपटत गाडी सोडवायला गेल्या. वेंडेल शीळ घालत ढकलगाडी घेऊन आला.

"ती कशाला?" डार्लीनने विचारलं.

"आत न्यायला."

"वेंडेल, मी आत्ता काय म्हणाले?"

वेंडेल घसा बसेपर्यंत भांडला. उपयोग शून्य! संध्याकाळी बंबवाली मंडळी आली आणि गावातल्या बाकीच्या हायड्रंटसारखा त्यालाही भडक पिवळा रंग फासून मोकळी झाली. वर विचारतात कसे, "झकास दिसतोय ना?" वेंडेल त्यांचाच ब्रश हिसकावून त्यांच्या अंगावर धावला.

हल्ली संग्रहालयात नुसता रिकामा चौथरा आहे. चुकूनमाकून एखादा पाहुणा येतो आणि विचारतो, "तो जुना हायड्रंट कुठंय हो?"

"बाहेर!" वेंडेल खेकसतो. "आधी सांगा, गाडी कुठे लावलीत?"