बुरोंडीचा हिरवा ठिपका

आमच्या कॉलेजातल्या पावसेबाई सकाळी कॉम्प्युटर खोलीचं कुलूप काढतात, पर्स खुंटीला अडकवतात आणि कोपऱ्यातल्या एका जुनाट डब्याकडे तोंड करून विचारतात, "काय रे, रात्री कोण कोण येऊन गेलं?"

डबा बोलत नाही. मग बाई पडदा सुरू करतात आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागतात. "हा बघ, परत आलाय. कालपण आलेला. लांब परदेशातला दिसतोय. अरे बाबा, रत्नागिरीत कोण आहे तुझं ओळखीचं? जा आपल्या घरी." मी नवीन असताना हे दाराबाहेरून ऐकलं, तेव्हा मला वाटलं, बाई फोनवर कुणा नकोशा पाहुण्याला कटवतायत.

तो डबा म्हणजे कॉलेजची फायरवॉल. बाहेरच्या इंटरनेटवरून आत येणारं आणि आतून बाहेर जाणारं सगळं त्याच्यातून जातं. ज्याला परवानगी आहे त्याला सोडायचं, बाकीच्यांना परत पाठवायचं आणि कोण आलं-गेलं त्याची नोंद ठेवायची, एवढं त्याचं काम. भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवर बाईंनी फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालून तो तयार केलाय. ते जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं आहे आणि कुणीही उघडून वाचू शकतं. बाईंना त्याचा फार अभिमान. "लपवाछपवी नाही त्याच्यात," त्या म्हणतात. "मला तसलीच माणसं आवडतात."

फायरवॉलमधल्या दारांना पोर्ट म्हणतात. बाई मूळच्या बुरोंडीच्या, घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, त्यामुळे त्या सरळ 'बंदर' म्हणतात. एकदा त्यांनी नोटीस बोर्डावर सूचना लावली, 'आजपासून बावीस नंबरचं बंदर बंद.' एका विद्यार्थिनीच्या वडिलांची बोट होती. त्यांनी घाबरून ऑफिसात फोन केला, हे नक्की कुठलं बंदर आणि सरकारनं कधी ठरवलं?

माणसांनाही बाई त्याच नियमानं आत घेतात. कोण, कुठून आणि काम काय, ही उत्तरं दिल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. मी पहिल्या दिवशी गेले आणि म्हटलं, "मी माधवी, नवी लायब्ररियन."

"ते झालं कोण. कुठून?"

"सांगलीहून."

"लांबून आलीस गो. काम?"

"लायब्ररीचा प्रिंटर चालत नाहीये."

"ये आत. चहा घेणार ना?"

एकदा आत घेतलं की मात्र माणूस कायमचा आत. गेल्या पावसाळ्यात मी तापानं झोपले होते, तर बाई रोज संध्याकाळी पेजेचा डबा घेऊन यायच्या. माझ्या घरचा वायफायचा पासवर्डही त्यांनी त्याच आठवड्यात बदलला. "आजारपणात माणूस बेसावध असतो," असं कारण सांगितलं. नवा पासवर्ड इतका लांबलचक आहे की माझ्या नवऱ्याला अजून पाठ झालेला नाही.

बाईंना सगळ्यात राग कशाचा, तर 'बंद करून परत चालू करा' म्हणणाऱ्यांचा. "तसं केलं की आजार जातो, पण काय झालेलं ते कधीच कळत नाही," त्या म्हणतात. परीक्षेच्या एका सकाळी हे प्रकरण चांगलंच रंगलं. प्रश्नपत्रिका इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, झेरॉक्स काढायची आणि वाटायची. नेमकं तेव्हाच इंटरनेट गेलं. प्राचार्य स्वतः धावत आले आणि दारातूनच ओरडले, "पावसेबाई, बंद करून चालू करा!"

"सर, थांबा. आधी विचारू दे त्याला."

मुलं वर्गात बसलेली, प्राचार्यांच्या कपाळावर घाम, आणि बाई शांतपणे एकेक गोष्ट तपासतायत. वायर बघितली, ठीक. बाहेरची लाइन बघितली, ती चालू. पत्ता देऊन बाहेरच्या एका मशीनला हाक मारली, त्यानं उत्तर दिलं. "म्हणजे रस्ता चांगला आहे," बाई पुटपुटल्या. "वेबसाइटचं नाव सांगितलं की मात्र कुणी सापडत नाही. नावाचा पत्ता शोधून देणारा झोपलाय. का झोपलाय?" मग त्यांनी आणखी काहीतरी टाइप केलं, पडद्याकडे बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"डिस्क भरली," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "माझ्या नोंदींनीच भरली."

झालं होतं असं, की आल्यागेल्याच्या जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, ती सोय बाईंनी बंद करून ठेवली होती. डबा बसवल्या दिवसापासूनची एकूण एक नोंद त्यांनी जपली होती. जागा संपली, डब्याला नवं काही लिहिता येईना आणि त्याच्यातला नावांचे पत्ते शोधून देणारा भाग अडून बसला. बाईंनी जुन्या नोंदी निवडल्या, पुसण्याच्या बटणापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "अहो, पुसा!" प्राचार्य म्हणाले. बाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. प्रश्नपत्रिका वेळेवर वाटली गेली. प्राचार्य सगळ्यांसमोर त्यांना शाबासकी देऊन गेले, तर बाई म्हणाल्या, "कसली शाबासकी? माझंच पाप होतं." आणि खो खो हसल्या. दुपारी मात्र म्हणाल्या, "जुनं काढून टाकायला मला जमत नाही गो माधवी. एवढी एक खोड आहे."

बाई एकट्या राहतात. लग्न केलं नाही. कॉलेजच्या मागच्या आळीत दोन खोल्यांचं घर आहे. त्यांच्या मोबाइलवर एक छोटा पडदा कायम उघडा असायचा. त्यावर दोन हिरवे ठिपके, एकाखाली 'घर' आणि दुसऱ्याखाली 'बुरोंडी'. जेवतानासुद्धा फोन डब्याशेजारी असायचा. मी एकदा विचारलं, "बुरोंडीला काय आहे?"

"काय नाय. जुना डबा आहे एक," म्हणून त्यांनी विषय लोणच्यावर नेला.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका सोमवारी बुरोंडीचा ठिपका लाल झाला. त्या दिवशी पावसेबाईंनी फायरवॉलला काही विचारलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी चहाला बोलावून त्यांनी मला एकेक मुद्दा सांगायला सुरुवात केली. "वीज गेली असेल म्हणून गावातल्या दुकानात फोन केला. वीज आहे. दुकानाचं इंटरनेट डब्याच्याच लाइनवर आहे, तेपण चालू आहे. म्हणजे घरातच काहीतरी झालंय."

"घर कुणाचं?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग सांगितलं. घर भावाचं, काशीदादाचं. आई शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली होती. बाईंना नोकरी सोडून जाता येईना, म्हणून त्यांनी तिथे एक छोटी फायरवॉल आणि आईच्या खाटेसमोर कॅमेरा बसवला. इथून त्या आईला बघायच्या, तिच्याशी बोलायच्या. आई गेली त्या आठवड्यात बहीण-भावाचं वाजलं. बाई म्हणाल्या, तिला वेळेवर रत्नागिरीला आणायला हवं होतं. दादा म्हणाला, "तू मोबाइलात बघत होतीस. मी उशाशी बसलेलो." तेव्हापासून तीन वर्षं बोलणं नाही. कॅमेरा काढला, पण तो डबा दादानं काही काढला नाही आणि बाईंनीही ठिपका पुसला नाही.

"ठिपका हिरवा असला म्हणजे घर चालू आहे, एवढं कळतं," बाई म्हणाल्या. "बाकी मला काय करायचंय?"

"मग फोन करा की त्यांना."

"त्याचे आलेले मी कधी उचलले नाहीत. आता कुठल्या तोंडानं करू?" मग एकदम म्हणाल्या, "तुझी गाडी आहे ना? शुक्रवारी रजा टाक."

शुक्रवारी आम्ही निघालो. बाईंच्या पिशवीत वायरी, चिमटे, जादाचा अडॅप्टर आणि नानकटाईचं एक मोठं पुडकं होतं. "वाटेत भूक लागली तर," त्या म्हणाल्या. पण जयगडला गाडी खाडीपार नेणाऱ्या जंगलजेटीवर चढवली आणि मी पुडक्याला हात घातला, तर हातावर चापट बसली. धोपाव्याच्या जेटीवर मी मुकाट्यानं शेंगदाणे विकत घेतले. दाभोळला उतरल्यावर बुरोंडीपर्यंत बाई मनातल्या मनात बिघाडाची कारणं मोजत होत्या. ओठ हलताना दिसत होते.

दादा पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. धडधाकट, बाईंसारखंच रुंद कपाळ. बहिणीला बघून हातातली सुतळी तशीच राहिली. बाई त्यांच्याकडे बघितलं न बघितलंसं करून थेट आत गेल्या. मी मागोमाग.

माजघरात फळीवर तो डबा होता. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून स्वच्छ रुमाल घातलेला. पिन बोर्डातून काढलेली आणि वायर नीट गुंडाळून जाळ्याच्या दोऱ्यानं बांधून ठेवलेली. बाई त्या गाठीकडे बघत राहिल्या.

"ही पिन कोणी काढली?"

"मी," दादा दारातून म्हणाले.

"कशास?"

"फोन तू उचलत नाहीस. म्हटलं, हे काढलं तर येशील."

बाईंच्या हातात चिमटा होता. तो त्यांनी पिशवीत परत टाकला. "मग तीन वर्षं कशास थांबलास?"

"काढलं आणि तरी तू नाय आलीस तर?" दादा म्हणाले. "ते लुकलुकत असायचं तोवर वाटायचं, बाय बघतेय." त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "यंदा मात्र कंटाळा आला बघ भांडणाचा."

बाईंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "आईला मी नुसतं मोबाइलात बघत नव्हते रे दादा. बोलायचे मी तिच्याशी."

"माहीत आहे मला. तू फोन ठेवलास की दिवसभर तुझंच सांगत बसायची ती."

वहिनी मागच्या दारानं आल्या, त्यांनी नणंदेला बघितलं आणि काही न विचारता आणखी तांदूळ वैरले. जेवायला सुरमईचं कालवण होतं. बाईंनी भात दोनदा घेतला. नानकटाई दादांनी एकट्यानं संपवली. त्यांना लहानपणापासून आवडते म्हणे.

उन्हं उतरायच्या आत परत फिरायचं म्हणून मी उठले. बाई पडवीत दादांशेजारी बसून जाळ्याचं दुसरं टोक धरून होत्या. रविवारी एसटीनं येते म्हणाल्या. मी चप्पल घालताना विचारलं, "बाई, जाण्याआधी तो डबा चालू करून देऊ का?"

"राहू दे गो," पावसेबाई म्हणाल्या. "मीच आहे ना आता इथे."