राठोड सर आणि मूलपेशी

मूलपेशीची व्याख्या शिकवताना राठोड सर फळ्यावर 'मूलपेशी म्हणजे' एवढंच लिहितात आणि खडू खाली ठेवतात. बाभुळगावच्या आमच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवतात, मी मराठी. त्यात आम्ही शेजारी, त्यामुळे हा अर्धवट 'म्हणजे' मला घरीही पुरतो.

"पुस्तकात आहे की व्याख्या," मी एकदा म्हणालो.

"आहे ना! जे आपल्यासारखीही पेशी बनवते अन् येगळीही बनवते, ते मूलपेशी. पण हे कळायले तिच्या दोन होऊ द्या लागते. दोन झाल्या, मंग पयली राह्यली कुठी? व्याख्या कोनाची करता? वरून कातडीची पेशीही मांगं फिरवून मूलपेशी करता येते म्हन्तात. आता बोला!"

मी समास शिकवतो.

माझी मुलगी बाळंतपणाला आली, तेव्हा यवतमाळहून एक टायवाला घरी आला. बाळाच्या नाळेतलं रक्त त्याची कंपनी जपून ठेवणार होती. नेमके तेव्हाच सर विरजण मागायला आले, आणि रिकामी वाटी घेऊन तिथेच बसले.

"यात मूलपेशी असतात," टायवाला म्हणाला.

सरांचे डोळे लकाकले. "मूलपेशी म्हंजे?"

"जिच्यापासून काहीही बनतं, सर."

"काहीही? मंग मले दाढ बनवून दे. हे पाह्य, वरची." सरांनी आ वासला.

टायवाल्यानं आधी घाम पुसला, मग टाय सैल केला. तासाभरानं तो आमच्याकडेच वरण-भात जेवला आणि जाताना सरांच्या पाया पडला. "सर, मी कॉमर्सचा हो!"

नातू घरी आला, तसे सर आणि राठोड वहिनी बघायला आले. आता बाळाची परीक्षा, असं मी मनात म्हटलं. पण सरांनी बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं. बाळानं सरांची पँट ओली केली. मुलगी धावली.

"राहू दे वं बाई. झोपला हाये."

मी चहा आणायला आत गेलो. मागून वहिनी आल्या.

"राहू द्या थोडा येळ त्यायच्याजवळ," त्या हळूच म्हणाल्या. "आमचं जगलं असतं तं यंदा तुमच्याच वर्गात असतं."

इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि मला ठाऊक नव्हतं.

मी कप घेऊन बाहेर आलो. सरांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, खाली ठेवा. आणि पाय जराही न हलवता बाळाच्या गालावरची माशी हाकलली.