मागची दहा बंदरं

आमच्या इमारतीत शिरताना सोवनीकाका तुमचं नाव विचारत नाहीत. नावं त्यांना पाठ आहेत. ते विचारतात, "मागची दहा बंदरं?"

इमारत शनिवार पेठेत आहे. समुद्र घाटाखाली, आणि जवळचं पाणी म्हणजे मुठा नदी, जिच्यात हल्ली म्हशीसुद्धा नाइलाजाने उतरतात. तरीही पार्किंगमध्ये एक टेबल, एक जाडजूड रजिस्टर आणि त्यामागे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले काका, संध्याकाळी चार ते सात. घराबाहेर पडल्यापासून तुम्ही जिथे जिथे थांबलात, त्यातली शेवटची दहा ठिकाणं सांगायची. काका ती लिहून घेतात आणि मगच तुम्ही लिफ्टकडे जायचं.

काका मुंबईत एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत चौतीस वर्षं होते. परदेशी बंदरातून येणाऱ्या जहाजाला आपल्या किनाऱ्याला लागायच्या शहाण्णव तास आधी कागद पाठवावे लागतात. सुरक्षेचा दाखला, खलाशांची यादी, सुरक्षेची पातळी एक, दोन की तीन, आणि मागची दहा बंदरं कोणती. ते सगळं काका तपासत. "एक बंदर लिहायचं राहिलं, की जहाज बाहेर उभं. मग आत सोनं असो नाहीतर सोयाबीन," असं ते सांगतात. स्वतः मात्र ते जहाजात कधी बसले नाहीत. त्यांना बोट लागते.

निवृत्त होऊन ते पुण्यात आले त्याला नऊ वर्षं झाली. रजिस्टर मात्र उघडलं ते गेल्या दिवाळीनंतर. उशिरा का होईना, डोक्यावर परिणाम झाला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या सगळ्यांत मीही होते.

पाहुणे येणार असतील तर शहाण्णव तास आधी कळवायचं. "चार दिवस म्हणा ना काका," मी एकदा म्हणाले. "चार दिवस हे ढोबळ झालं," काका म्हणाले. होळीला इमारतीची पातळी दोन होती, तसं फळ्यावर खडूने लिहिलं होतं.

माझी आत्या लोणी काळभोरहून मेथीच्या जुड्या घेऊन आली, तीही न कळवता. काकांनी तिला टेबलापाशी थांबवलं.

"कुठून आलात?"

"लोनीतनं."

"त्याआधी?"

"त्याच्या आदी बी लोनीतच. लगीन झाल्यापास्नं तितंच हाय की मी. दहा गावं कुठनं आनू?"

काकांनी बराच विचार करून लिहिलं, 'एकच बंदर. माल, मेथी.' आत्या वर येऊन म्हणाली, "मानूस बरा हाय गं, पर मोजनीवाल्यावानी इचारतोय."

तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या भाडेकरूने वैतागून मेट्रोची दहा स्टेशनं घडाघडा म्हणून दाखवली. काकांनी पेन उचललंच नाही. "नुसतं समोरून गेलेलं बंदर धरत नाहीत. उतरलात कुठे?"

"काका, सिरियसली, मी फक्त ऑफिसमधून घरी आलोय."

"मग तेवढंच सांगायचं. बाकीचं तोंडी लावायला कशाला?"

सोवनीकाकूंचीही सुटका नव्हती. त्या रोज चारला भाजी आणायला जात, आणि परतल्या की पिशवी घेऊन मुकाट्याने रांगेत उभ्या राहत. त्यांना काका चक्क "सांगा आपण, मागची दहा?" असं विचारत. हा किस्सा मी आमच्या पोस्टात रंगवून सांगत असे. पोस्टमास्तरांना तो फार आवडायचा.

शेवटी सोसायटीच्या सभेत ठराव झाला. टेबल हलवावं, रजिस्टर बंद करावं, गेटवर कॅमेरा बसवावा. काका सभेला नव्हते. सभेच्या दिवशी पातळी तीन असल्यामुळे त्यांना टेबल सोडता येत नव्हतं. ठरावाचं पत्र त्यांना देण्याचं काम सेक्रेटरीचं, आणि सेक्रेटरी मी, कारण निवडणुकीच्या दिवशी मी गावाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास पत्र पर्समध्ये घेऊन मी टेबलापाशी आले. माझ्या पुढे काकू होत्या.

"मागची दहा?"

"मारुतीचं देऊळ," काकू म्हणाल्या. "मग भाजीवाली. मग तो, आपला दूधवाला." आणि थांबल्या. पिशवीत डोकावल्या, जणू पुढची नावं भेंडीखाली असावीत. काका पेन धरून बसून राहिले. घाई नाही, खूण नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तीन. ठीक आहे, या." काकू हसल्या आणि लिफ्टकडे गेल्या.

त्या वर पोचल्याची काकांनी खात्री करून घेतली. मग त्यांनी रजिस्टरचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. ते फक्त काकूंचं होतं. दिवाळीनंतर दहा. संक्रांतीला आठ. परवा पाच. आज तीन.

"विसरायला लागली आहे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, रोज दिवस आठवायला लावा. दोन दिवस घरात विचारलं. तिसऱ्या दिवशी ती रडली. म्हणाली, माझ्या एकटीचीच झडती का? मग म्हटलं, सगळ्यांनाच विचारू. नियम सगळ्यांना असला की त्यात कुणाचा अपमान नसतो." पान मिटून ते म्हणाले, "इमारतीत बोलू नका. सगळ्यांना कळलंय असं समजलं, तर ती खाली उतरायची नाही."

मला स्वतःची लाज वाटली. इतके महिने मी त्या बाईच्या रांगेत उभं राहण्यावर हशा मिळवत होते.

"आपलं काही काम होतं का?" काकांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. पत्र पर्समध्येच राहिलं. सभासद अधूनमधून विचारतात, तेव्हा मी "कार्यवाही चालू आहे" असं सांगते. सेक्रेटरीपदाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रांगेत मी पुढे होते आणि काकू माझ्या मागे.

"मागची दहा?"

"पोस्ट," मी म्हणाले. "मंडई." आणि मुद्दाम थांबले.

"पुढे?"

"आठवत नाही, काका."

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून सावकाश 'दोन' असं लिहिलं.

माझ्या खांद्यावर मागून हात पडला. "होतं गं असं," काकू हळूच म्हणाल्या. "यांना घाबरू नकोस. दहा नाही भरली, तरी आत घेतात."