शासनाची हद्द समाप्त

पगारेभाऊंच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पत्र्याची एक पाटी होती. गावाची हद्द संपते तिथे रस्त्याच्या कडेला असते तशीच, फक्त लहान. काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'शासनाची हद्द समाप्त', आणि खाली बारीक अक्षरांत 'हुकमावरून'. हुकूम कोणाचा, असं मी एकदा विचारलं.

"घरमालकाचा. म्हणजे माझा. या घरात तेवढं एकच पद मंजूर आहे."

"आणि ते पण बरेच दिवस रिक्त आहे," आतून सुमनवहिनी म्हणाल्या.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या सोसायटीत आम्ही समोरासमोर राहायचो. पगारेभाऊंनी कळवणच्या एका सरकारी कचेरीत लेखनिक म्हणून उभी हयात काढलेली. लोकांना जाणाऱ्या नोटिसा याच माणसाच्या हातच्या, त्यामुळे सरकारवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "मी भटारखान्यातला माणूस आहे," ते म्हणत. "पंगतीला बसणाऱ्यांनी कौतुक करावं."

आम्ही बाकीचे नागरिक आदर्श होतो. गळ्यात ओळखपत्र अडकवून कोणीही आला की आम्ही त्याला सोफ्यावर बसवायचो, न मागता आधारकार्डाची झेरॉक्स द्यायचो आणि वर चहा विचारायचो. एकदा चौघांनी असं केल्यावर कळलं की तो माणूस पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेला होता. पगारेभाऊंनी त्यालाही पाटी दाखवली होती. "सरकारी नसला तरी तसाच वागत होता," हे त्यांचं स्पष्टीकरण.

पाटीखाली, उंबऱ्यापासून दोन फुटांवर, जिन्याच्या फरशीवर पिवळी रेघ होती. मलेरिया विभागाचा कर्मचारी घरोघरची पाण्याची पिंपं तपासायला आला, तेव्हा त्याला रेघेपलीकडे उभं करण्यात आलं.

"काका, अळ्या बघायच्यात फक्त."

"आदेश?"

"तोंडी हाय."

"बाब अधिकारात बसत नाही." हे त्यांचं आवडतं वाक्य. डॉक्टरने मीठ कमी करायला सांगितलं तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

"अहो, डासांना हद्द कळते का, काका?"

"डास खाजगी क्षेत्रात मोडतात. त्यांच्याशी माझा वेगळा वाद चालू आहे."

एवढं झाल्यावर पगारेभाऊ आत गेले, पिंपातलं पाणी तांब्यात भरून रेघेवर आणून ठेवलं आणि म्हणाले, "घ्या, तपासा. काम तुमचं खरं आहे, फक्त पाय तुमचे बाहेर ठेवा." त्याने जिन्यात उकिडवं बसून तांब्यात बॅटरी मारली. अळ्या निघाल्या नाहीत. वहिनींनी त्याला रेघेपलीकडेच चहा दिला.

याच माणसाची स्कूटर द्वारकेच्या चौकात लाल दिव्याला थांबायची. तिथे सिग्नल हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. मागून भोंगे आणि आईबहिणींचा उद्धार सुरू व्हायचा. पगारेभाऊ एक पाय टेकून शांत. मागे बसलेला मी मात्र कानकोंडा. "रस्ता सरकारचा," ते म्हणत. "तिथे त्यांचं ऐकायचं. उंबऱ्याच्या आत मी कुणाला भिऊन वागणार नाही. एवढं सोपं आहे, ग्रंथपाल. तुमच्या पुस्तकांनी उगाच अवघड करून ठेवलंय." मी वाचनालयात कामाला, त्यामुळे जगातल्या सगळ्या अवघडपणाची जबाबदारी माझ्यावर असे.

दुसऱ्याचं पाकीट उघडणं हा त्यांच्या लेखी दरोडा होता. मग ते बायकोचं का असेना.

याची कथा वहिनीच सांगायच्या. त्या सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर शाळेत शिक्षिका, हे कळवणला. शनिवारी जीपने यायचं, सोमवारी पहाटे परत. अकरा वर्षं असा संसार. पती-पत्नीला एकाच ठिकाणी नेमावं म्हणून वहिनी दरवर्षी अर्ज करायच्या, आणि त्यावर कोणी कधी उत्तरही द्यायचं नाही. शेवटी एकदा बदलीचा आदेश निघाला, पण शाळेऐवजी घरच्या पत्त्यावर आला. पाकिटावर नाव वहिनींचं. पगारेभाऊंनी ते टेबलावर नीट ठेवून दिलं. नेमका घाट दरडीने बंद. वहिनी तिसऱ्या शनिवारी आल्या आणि पाकीट फोडलं, तोवर हजर व्हायची मुदत उलटून गेली होती. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पुढच्या आदेशाला आणखी दोन वर्षं लागली.

"तत्त्वाचा माणूस!" वहिनी हसून म्हणायच्या. "दोन वर्षं स्वतःच्या हातची भाकरी आणि तत्त्व खाल्लं."

पगारेभाऊ अशा वेळी चष्मा पुसत. ही पाटी त्यांनी निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी रंगवून आणली होती.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्यानंतर मतदार यादीच्या कामाला अहिरेबाई आल्या. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात सरकारने त्यांना दारोदार फिरायला लावलेलं. त्यांना रेघ माहीत होती. त्या रेघेबाहेरच थांबल्या.

"जयभीम, काका. सुमन पगारे यांचं नाव कमी करायचंय. मृत्यूचा दाखला देता का?"

"दाखला घरात आहे."

"मग आणा ना."

"नोटीस आणा. जिचं नाव खोडायचं, तिच्या नावाने. म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कुणाचंही नाव खोडता येत नाही."

"काका, आता काकू कसलं म्हणणं मांडणार?"

पगारेभाऊंनी बाईंच्या हातातल्या यादीवर बोट ठेवलं. "हा मी. हिचा नंबर माझ्या लगेच खाली. इतकं लागून सरकारने आम्हाला आजवर कधी ठेवलं नव्हतं, मॅडम."

बाईंनी पेन काढलं. शेऱ्यात 'घरच्यांचा आक्षेप' लिहून त्या गेल्या. आणि कचेरीने, जिथे कागद वाचायच्या आधी पुढे सरकतो, खरोखरच नोटीस काढली. दोन पाकिटं आली. मूळ नोटीस वहिनींच्या नावे, प्रत माहितीसाठी पगारेभाऊंना. त्यांनी आपली प्रत फोडली आणि जिन्यात जमलेल्या आम्हा सगळ्यांना कचेरीच्या सुरात वाचून दाखवली.

"'आपण मयत असल्याचे समजते. तरी याबाबत आपले म्हणणे समक्ष हजर राहून मांडावे. अन्यथा आपणांस काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'"

आम्ही पोट धरून हसलो. चौथ्या मजल्यावरचे तर कठड्याला टेकले. हसणं ओसरल्यावर लक्षात आलं की पगारेभाऊ अजून त्याच ओळीवर थांबलेत.

"तेरा वर्षं अर्ज केले हिने," ते म्हणाले. "तुझं म्हणणं काय, असं आज विचारलं."

तारखेला मी त्यांच्यासोबत गेलो. शिपायाने व्हरांड्यात येऊन पुकारा केला, "सुमन पगारे हजर आहेत का?" पगारेभाऊ उभे राहिले आणि शर्ट सारखा करून आत गेले. अधिकारी तरुण होता. समोरचा कागद वाचून त्याचे कान लाल झाले. "सॉरी काका, चुकून गेली नोटीस."

"चूक नाही, साहेब. रीतच ही आहे."

"मग... काही म्हणणं आहे का?"

"जुनंच आहे. नवराबायकोला एका जागी ठेवा." त्यांनी खिशातून दाखला काढून टेबलावर ठेवला. "पण ती बाब तुमच्या अधिकारात बसत नाही. यादी तुमची आहे. खोडा."

परतताना द्वारकेला दिवा हिरवा झाला तरी स्कूटर हलली नाही. मागून भोंगे वाजत राहिले. मी कानकोंडा झालो नाही.

या वर्षी पगारेभाऊही गेले. पुतण्याने घर आवरायला घेतलं, तेव्हा मी मदतीला होतो. सवयीने दोघंही रेघेशी चपला काढून आत गेलो. टेबलाच्या खणात कचेरीचं ते दुसरं पाकीट सापडलं, वहिनींच्या नावाचं. डिंक जसाच्या तसा. कोपऱ्यात पगारेभाऊंच्या वळणदार अक्षरात शेरा होता:

'संबंधित बदलीवर आहेत. हजर झाल्यावर देणे.'

पुतण्या ते फोडायला निघाला होता. मी त्याच्या हातून काढून घेतलं.